सुरांचा सेतू आणि त्याचे खांब

चंदीगडच्या वेशीवर, मोहालीच्या ८१ व्या सेक्टरात 'नॉलेज सिटी' नावाची जी वसाहत उभी राहिली आहे, तिच्या नावाचे मराठी रूप करण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. 'ज्ञाननगरी' म्हटले की पैठण-काशीची आठवण होते, आणि 'विद्यापुरी' म्हटले की एखाद्या सहकारी गृहरचना संस्थेची. तेव्हा नॉलेज सिटी ती नॉलेज सिटीच राहिली. २००७ साली स्थापन झालेली विज्ञान-संशोधनाची मोठी संस्था, तिच्या शेजारी शेती-अन्नाच्या व सूक्ष्मकणांच्या अभ्यासाच्या संस्था, अशा निमित्तांनी या भागात काही तरुण मराठी मंडळी आली. सचिवालयात, बँकांत, हिशेब खात्यात आणि लष्करात पोटापाण्यासाठी आलेली आमच्यासारखी जुनी खोडे आधीपासून होतीच. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी सारे जमतात. पोहे होतात, बदल्यांच्या बातम्या होतात, पुण्याच्या पावसाविषयी चार शब्द होतात, आणि मग कोणीतरी पेटी पुढे ओढतो.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका बैठकीत एका तरुण संशोधकाने पेटी बाजूला सारून आपल्याजवळचे एक ध्वनिमुद्रण ऐकविले. ऊद नावाचे ते वाद्य होते. फुगीर पोटाचे, आखूड मानेचे, पडद्यांवाचूनचे. आवाज खोल, किंचित घोगरा. वाजविणारा पॅलेस्टाइनचा. दोन-तीन मिनिटे होताच आमच्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी ऐन उमेदीत पुण्याला गाणे शिकून पुढे आयुष्यभर सरकारी खतावण्या लिहिल्या, ते उद्गारले, "अहो, हा तर बसंत मुखारी!" तरुणाने सांगितले, "काका, यांच्याकडे याला हिजाझ म्हणतात." आणि बसंत मुखारीस आपल्याकडेही कोणी कोणी हिजाज म्हणतात, हे काकांस ठाऊक होते. मग काय विचारता! ओळख पटल्याचा आनंद खोलीभर पसरला. मध्यम-पंचम, कोमल ऋषभ, सारे जागच्या जागी. पुढे दुसऱ्या एका मकामात गांधार आला तो मात्र ना कोमल, ना शुद्ध. दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा. काकांनी डोळे मिटले, पेटीकडे पाहून मान हलविली आणि म्हणाले, "हा स्वर हिच्यात नाही."

त्या तरुणाने मग आणखी एका मुद्रणाची हकीकत सांगितली. गॅलिलीतील तरशीहा या गावी १९५५ साली जन्मलेले ऊदवादक सायमन शाहीन आणि जयपूरचे मोहनवीणा-वादक विश्वमोहन भट्ट या दोघांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'सल्तना' या नावाने एकत्र वादन केले आहे. 'सल्तना' हा शब्द आम्हांस फार आवडला. सुलतान आणि सल्तनत यांच्याच कुळातला तो. पण अरब गवई तो वेगळ्या अर्थी वापरतात. एखाद्या मकामाने गाणाऱ्याचा पूर्ण ताबा घेतला, मन त्याच्या अमलाखाली आले, की त्या अवस्थेस ते सल्तना म्हणतात. आपण 'रंग चढला' म्हणतो, तेच. फक्त आपल्या शब्दात उत्सव आहे आणि त्यांच्या शब्दात शरणागती. याच शाहीन यांच्या वाद्यवृंदाचे नाव 'कंतरा'. त्याचा अर्थ कमान किंवा पूल.

सुरांचा सेतू, संस्कृतींचा सेतू हे शब्द आज भाषणांतून इतके स्वस्त झाले आहेत, की कोणत्याही दोन वाद्यांची जुळणी केली आणि पाठीमागे ठेका लावला की सेतू बांधला, असे जाहीर होते. यास 'फ्यूजन' म्हणण्याची रीत आहे. आम्ही त्याचे वैरी नाही. परंतु पूल पाहताना आपली दृष्टी कमानीवर जाते, आणि खांब कोठे रोवला आहे हे पाहण्यास आपण विसरतो. आमचे म्हणणे असे, की सुरांच्या पुलाचा खांब म्हणजे राग नव्हे, वाद्यही नव्हे. पलीकडच्या तीरावर जाऊन मुक्काम करणारा माणूस, हा तो खांब होय. यासाठी जेरुसलेमपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. मराठी आणि पंजाबी यांच्यामध्ये असा एक पूल सहाशे वर्षे उभा आहे, आणि आम्ही बदलीवर आलेली माणसे रोज त्याच्यावरून जातो. खाली पाहत नाही, इतकेच.

एक उदाहरण घरचेच देतो. आमच्या शेजारी एक सरदारजी राहतात. त्यांच्या वडिलांचे घर सियालकोटला होते. एका संध्याकाळी आम्ही मालिनी राजूरकर यांचा टप्पा ऐकत बसलो होतो. या विदुषीही आपल्यासारख्याच परमुलुखातल्या; वाढल्या अजमेरला आणि संसार केला हैदराबादला; २०२३ साली त्या गेल्या. सरदारजी दारात थबकले. त्यांनी ऐकले, पुन्हा ऐकविण्यास सांगितले, आणि मग हसत म्हणाले, "जी, ही तर आमच्या आजीची बोली आहे. उच्चार तुमचे आहेत, शब्द आमचे." आम्ही चकित झालो. टप्पा पंजाबी आहे, उंटवाल्यांच्या गाण्यांतून तो आला, अवधच्या शोरी मियाँनी त्यास रूप दिले, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. ग्वाल्हेरच्या गवयांनी तो उचलला आणि त्यांच्यापासून तो मराठी बुवांच्या गळ्यात आला, हेही ठाऊक होते. पण त्या वेगवान तानांच्या जाळीत जे शब्द अडकलेले असतात, ते एखाद्या जिवंत भाषेतले, एखाद्या आजीच्या तोंडचे शब्द आहेत, हे आम्हांस कधी जाणवलेच नव्हते. चार-पाच पिढ्या मराठी गवई पंजाबी भाषेत गात आले, आणि त्यांतील बहुतेकांस तिचा अर्थ लागत नव्हता. याला प्रेम म्हणावे की बेपर्वाई? आम्हांस वाटते, दोन्ही.

उलट दिशेचा प्रवास याहून फार जुना, आणि अधिक डोळसपणे झालेला. नामदेवरायांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा मानला जातो. त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध पंजाबात घालविला, अशी दोन्हीकडील परंपरा आहे. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वे मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच भरले, तेव्हा आमच्यातील कित्येक जण रजा टाकून गेले होते. चरित्राच्या तपशिलांविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ते राहोत. ज्याविषयी मतभेद नाही ती गोष्ट अशी, की १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्या परंपरेच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि ती १८ रागांखाली लावलेली आहेत: आसा, सोरठ, धनासरी, तोडी, तिलंग, रामकली, मारू, मल्हार, प्रभाती... हा ग्रंथ विषयांनी किंवा कवींनी विभागलेला नाही, तो मुख्यतः रागांनी विभागलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने मनावर कोरून ठेवण्याजोगी आहे. आमच्याकडे अभंगास चाल असते. ती फडाफडाप्रमाणे आणि गावागावाप्रमाणे बदलते. पंजाबने आमच्या शिंप्याच्या पदाला रागाचे घर दिले. भाषेचे पाहावे तर पदे जुन्या हिंदीतली, पण मध्येच एखादा मराठी प्रत्यय असा डोके वर काढतो, की परक्या गावच्या बाजारात आपल्या तालुक्याचा माणूस भेटावा.

आणि ही पदे गात कोण होते? अमृतसरच्या हरमंदिरसाहिबात पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन करणाऱ्यांत रबाबी घराणी होती. गुरू नानकदेवांचा सोबती भाई मरदाना रबाब वाजवी; त्याच्या परंपरेतले हे गवई धर्माने मुसलमान. जरा थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पहाटेची वेळ, तळ्याच्या मध्यभागी सोन्याचे मंदिर, शिखांचा दरबार, मुसलमान गवई, आणि शब्द पंढरीच्या विठोबासमोर वाढलेल्या एका मराठी संताचे. त्यात कोणाला काही विपरीत वाटत नव्हते. कोणी त्यास सेतू म्हणत नव्हते, कारण तो वापरात होता. १९४७ साली हे रबाबी सरहद्दीपलीकडे गेले. पुढे दरबारातील कीर्तन शीख रागींच्याच हाती राहिले. १९४५ च्या रहतमर्यादेतही संगतीत कीर्तनाचा अधिकार शिखांसच सांगितला होता. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी लागले. नामदेवांचे शब्द ग्रंथात सुरक्षित आहेत, राग सुरक्षित आहेत. परंतु ज्या गळ्यांनी ते तीनशे वर्षांहून अधिक काळ वाहिले, ते गळे तिकडे गेल्यावर त्यांना गाण्यास दरबार उरला नाही.

आता कुरुंदवाडकडे वळू. विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म तेथला, १८ ऑगस्ट १८७२ चा. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने डोळे अधू झाले, शाळेचे शिक्षण संपले आणि मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. बाळकृष्णबुवा ही स्वतःच एक सेतूची कथा होय. ते वासुदेवबुवा जोश्यांचे शिष्य आणि वासुदेवबुवा ग्वाल्हेरच्या हस्सूखाँचे. शिंद्यांच्या दरबारातील मुसलमान उस्तादांची विद्या मराठी ब्राह्मणांच्या गळ्यात उतरून कृष्णाकाठी आली, ती अशी. १८९६ मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडली. दरबारी आश्रय, संस्थानिकाची मर्जी, गवयाने खालच्या पायरीवर बसणे, या साऱ्याचा त्यांस वीट आला होता. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. गवयाने दरबार सोडून गिऱ्हाइकापुढे जावे, ही त्या काळी मोठी धिटाईची गोष्ट. मग मथुरा, दिल्ली, जालंधर, अमृतसर करीत ते लाहोरास आले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालय उघडले.

लाहोर का? या प्रश्नाने आम्हांस पुष्कळ दिवस छळले. पुणे होते, मुंबई होती, बडोदे होते. आमचे उत्तर असे, की ज्या गावी आपल्याला कोणी ओळखत नाही तेथे माणूस नवे काही करू धजतो. आपल्या गावी 'दिगंबरबुवांचा विष्णू' ही ओळख पुसत नाही. शिवाय पंजाबास सुरांची भूक होती. जालंधरच्या देवी तलावावर बाबा हरवल्लभांनी १८७५ साली सुरू केलेला संगीतमेळा दर डिसेंबरात भरे आणि कडाक्याच्या थंडीत लोक घोंगड्या पांघरून रात्ररात्र गाणे ऐकत. विष्णुबुवा तेथे गायले, भास्करबुवा बखलेही तेथे गायले. हा मेळा अद्याप भरतो. चंदीगडहून जालंधर दूर नाही, आणि तरीही आमच्यातील किती मराठी अधिकाऱ्यांनी तो पाहिला आहे, हे आम्ही विचारीत नाही. आम्हीही पहिली सहा वर्षे पाहिला नव्हता.

सांगतात, की विद्यालय उघडले तेव्हा आरंभी विद्यार्थीच नव्हते आणि पंडितजी ठरल्या वेळी एकटेच तंबोरा घेऊन वर्गात बसत. पुढे मात्र कामाने वेग घेतला. नियमित तासिका, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, छापील क्रमिक पुस्तके, स्वतःची स्वरलेखनपद्धती, स्वतःचे छापखान्याचे काम, बायकांसाठी शिकवणी. आज यांतील कोणतीही गोष्ट आपणास नवी वाटत नाही, आणि हेच त्यांच्या यशाचे मोजमाप होय. लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर ती शाळा चाले. डोक्यावर राजाचे छत्र नव्हते. निवडक विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे शिकण्याचा करार लिहून घेऊन त्यांस जेवूखाऊ घालून उपदेशक म्हणून तयार केले जाई. त्यांत पुष्कळ मराठी मुले होती. विनायकराव पटवर्धन १९०७ साली मिरजेहून लाहोरला गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. मिरजेचा मुलगा लाहोरच्या थंडीत उठून षड्ज लावतो आहे आणि शेजारच्या चटईवर पंजाबी मुलगा तोच षड्ज लावतो आहे, यात फ्यूजन काही नाही. परंतु पाया यालाच म्हणतात.

पंडितजींचा गौरव करताना एक बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांनी संगीतास प्रतिष्ठा मिळवून दिली ती भक्तीच्या मार्गाने. शृंगाराचे शब्द काढून तेथे देवाचे नाव घातले; कुलीन घरांतील मुलामुलींसाठी दार उघडले. पण ज्या उस्तादांनी आणि ज्या गाणाऱ्या स्त्रियांनी ती विद्या जिवंत ठेवली होती, त्यांस त्या नव्या, सोज्ज्वळ घरात बसावयास जागा उरली नाही. जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पलुसकर आणि भातखंडे या दोघांविषयी हा मुद्दा निर्भीडपणे मांडला आहे. त्यांचे सारेच निष्कर्ष आम्ही स्वीकारतो असे नाही. विद्येचे सार्वजनिक शाळेत रूपांतर करताना काहीतरी सांडतेच. तथापि हस्सूखाँपासून आलेली गायकी लाहोरात शिकविताना खाँसाहेब भिंतीवरच्या तसबिरीतही उरू नयेत, ही गोष्ट मनास लागते खरी. पुलावरून कोणाला जाऊ द्यायचे, हे ठरविणारे नाके प्रत्येक पुलाच्या तोंडाशी बसते.

१९०८ साली पंडितजींनी मुंबईस शाखा उघडली आणि हळूहळू मध्यबिंदू तिकडे सरकला. मुंबईची इमारत पुढे कर्जात गेली, ते नाशकास रामनामात रमले आणि १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेस निवर्तले. शिष्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय मंडळ उभे केले, १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यास विद्यालय काढले, आणि विनायकरावांचेच शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीस. लाहोरची पणती अशी गावोगाव गेली.

त्या लाहोरचा एक धागा आपल्यासारख्या नोकरदारांस विशेष जवळचा वाटेल. वसंतराव देशपांडे हे मूर्तिजापूरचे, १९२० सालचे. तरुणपणी ते मामांकडे लाहोरला राहिले आणि तेथे असदअली खाँ यांच्यापाशी शिकले. खाँसाहेबांनी त्यांस महिनेच्या महिने एक मारवाच शिकविला आणि मग 'आता तुला सारे आले' असे सांगितले, अशी कथा आहे. पुढे वसंतरावांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली, बदल्या सोसल्या, ईशान्य सरहद्दीवरही जाऊन आले, आणि मग एके दिवशी नोकरीस रामराम ठोकला. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेब जेव्हा मराठी प्रेक्षकांपुढे उभे राहिले, तेव्हा ते कोणा मराठी नटाने रंगविलेले उस्ताद वाटले नाहीत. आम्हांस तरी वाटते, की त्या भूमिकेत लाहोरच्या गुरूचे ऋण फेडलेले आहे. पंजाबी गळ्याची ती झपाट्याने वळणारी तान मराठी नाट्यगृहात टाळ्या घेत होती, तेव्हा लाहोर मराठी माणसाला पारपत्राशिवाय दिसणे अशक्य होऊन वीस वर्षे झाली होती.

१९४७ ने काय केले, हे चंदीगडात राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. हे शहर मुळात लाहोरच्या वियोगातून जन्मले. पंजाबची राजधानी गेली, म्हणून सिमल्याच्या थंडीत कारभार चालवीत नव्या राजधानीचे नकाशे आखले गेले. कोर्बुझिए आले, ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी शहराचे उद्घाटन केले. चौकोनी रस्ते, आकडी नावे, आठवणीस कोठे जागा नाही. ज्यांच्या आठवणी असह्य होत्या त्यांच्यासाठी बांधलेले ते नगर होते. १९५८ ते १९६२ या काळात येथल्या राजभवनात आपले काकासाहेब गाडगीळ राज्यपाल म्हणून राहिले. १९५६ साली स्थापन झालेल्या प्राचीन कला केंद्राने येथे गाण्यानाचण्याच्या परीक्षांचा मोठा व्याप उभा केला. म्हणजे लाहोरात जे झाले होते ते येथे पुन्हा शून्यापासून. आणि त्याच सुमारास पंजाबचा सर्वांत मोठा गळा, कसूरचे बडे गुलामअली खाँ, पाकिस्तानात मन न रमल्याने परत आले. मोरारजी देसायांच्या साहाय्याने १९५७ मध्ये त्यांस भारताचे नागरिकत्व मिळाले आणि मुंबईत मलबार टेकडीवर राहण्यास जागा मिळाली. कुरुंदवाडचा माणूस लाहोरला जाऊन राहिला होता. कसूरचा माणूस मुंबईस येऊन राहिला. पहिल्यास आगगाडीचे तिकीट पुरले, दुसऱ्यास मुख्यमंत्रीपद भूषविलेल्या माणसाची शिफारस लागली. मधल्या साठ वर्षांत काय घडले, ते एवढ्यावरून कळावे.

हे सारे मनात घोळत असता तो ऊद पुन्हा आठवला, आणि तेथील इतिहास चाळून पाहिला. ३० मार्च १९३६ रोजी जेरुसलेम येथून पॅलेस्टाइनचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी आपल्याकडे 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले आणि पुढल्या वर्षी लाहोर केंद्र निघाले. जेरुसलेमचे वासिफ जौहरिया, जन्म १८९७ चा, हे पेशाने सरकारी नोकर आणि वृत्तीने ऊदवादक. आपल्या बैठकीत ते शोभून दिसले असते. ख्रिस्ती घरचा हा माणूस मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी अशा तिन्ही समाजांच्या घरी वाजवी, आणि त्याने लिहून ठेवलेल्या आठवणींतून ते मिश्र जेरुसलेम आजही ऐकू येते. १९४८ नंतर त्यास आपल्या गावी राहता आले नाही. नाबलुसचे रूही अल्‌खम्माश, जन्म १९२३ चा, जेरुसलेमच्या नभोवाणीवर ऊद वाजवीत. तेही १९४८ मध्ये निघाले आणि बगदादला जाऊन तेथील कलासंस्थेत शिक्षक झाले. इराकी गायनवादनाच्या पुढल्या पिढ्यांनी त्यांच्यापाशी धडे घेतले. विष्णुबुवा आपण होऊन गेले, खम्माश घालविले गेले. परंतु दोघांनी परक्या गावी जाऊन केले ते एकच: पोरांस समोर बसवून सरगम घोटून घेतली.

अलीकडच्या पॅलेस्टिनी फ्यूजनमागेही अशीच माणसे आहेत. १९८० साली जेरुसलेमात 'साबरीन' नावाचा वाद्यवृंद निघाला. नाझरेथच्या जुब्रान बंधूंचे तीन ऊद जगभर वाजले. परमुलुखांत वाढलेल्या पॅलेस्टिनी तरुणांनी २०१३ साली अम्मान येथे जमून आपल्या लग्नांतील दबके नृत्याची चाल विजेच्या वाद्यांवर चढविली. एडवर्ड सैद आणि डॅनिएल बॅरनबॉइम यांनी १९९९ मध्ये वायमार येथे अरब व इस्रायली मुलांचा एकत्र वाद्यवृंद उभारला, त्याचे कौतुक झाले आणि टीकाही झाली. टीकाकार म्हणाले, की एका मंचावर बसल्याने गावी परतल्यावर नाक्यावरची रांग चुकत नाही. टीका खोटी नाही. आणि २०२३ पासूनच्या युद्धात गाझातील संगीतशाळेची इमारत वापरता येईना, तेव्हा तेथील शिक्षकांनी निर्वासितांच्या तंबूंत मुलांचे वर्ग घेतले, हे वृत्त वाचले, त्या दिवशी आम्हांस लाहोरच्या रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन बसलेले पंडितजी दिसले. मग शाहीन आणि भट्ट यांचे ते मुद्रण पुन्हा लावले. या वेळी त्यात दोन वाद्यांपेक्षा अधिक काहीतरी ऐकू आले.

आमच्या घरापासून जवळच एक लहान गुरुद्वारा आहे. बसंत मुखारीच्या त्या बैठकीनंतर एका पहाटे आम्ही काकांस घेऊन तेथे गेलो. रागी भाईजी आसा गात होते आणि मध्येच 'नामा' हा शब्द कानी पडला. काकांनी आमचा हात दाबला. कीर्तन संपल्यावर काकांनी भाईजींस सांगितले, की आम्ही नामदेवांच्या मुलुखातले. भाईजींनी हात जोडले आणि विचारले, "मग तुमच्याकडे हे पद कसे गातात जी?" काका माझ्याकडे पाहू लागले, आम्ही काकांकडे. नामदेवांची हिंदी पदे गाथेत छापलेली असतात. पण आमच्या आयुष्यात ती आम्ही कधी कोणास गाताना ऐकली नव्हती. उत्तर नव्हते. "आम्ही त्यांचे मराठी अभंग गातो," असे सांगून वेळ मारून नेली, तर भाईजी म्हणाले, "मग तेच ऐकवा. रविवारी मी घरी येतो."

तेव्हापासून घरात गाथा उघडी पडली आहे. काका रोज संध्याकाळी येतात, पेटी बाजूस ठेवून तंबोरा लावतात, आणि एकच अभंग आम्ही दोघे घोटीत बसतो. भिंतीपलीकडून सरदारजी चार दिवस ते ऐकत आहेत. काल जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी दुसऱ्या चरणातील आमची चूक आम्हांस गाऊन दाखविली.